नाव घेतलंत, गिऱ्हाईक कुठंय?

*नमस्कार ताई,*

*मी जुळे सोलापुरात राहतो, वय २७. नवी पेठेतल्या एका कापड दुकानात टॅलीवर हिशेब बघतो, पगार १६,०००. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घ्यायचं आणि महाग विकायचं, असे व्हिडिओ बघून मलाही नाद लागला. वॉइस डॉट कॉम हे एक नाव तीन कोटी डॉलरला गेलं म्हणे. गेल्या संक्रांतीच्या सुमारास सेल लागला होता, तेव्हा बसून ४३ नावं घेतली. सगळे मिळून ९,००० गेले. ११ डॉट कॉम, १४ डॉट इन आणि १८ डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर. चादर, टॉवेल, डाळिंब, शेंगाचटणी, युनिफॉर्म, सगळं आपल्या सोलापूरचंच आहे. मित्र म्हणाले लई हुशारी केलीस. पण अजून एकही विकलं नाही. आता रिन्यूअलच्या मेल यायला लागल्यात. डॉट कॉमला १,३००, डॉट इनला ८५०, ऑनलाइन-स्टोअरला २,९००, वर जीएसटी वेगळा.*

*अजून दोन गोष्टी. अशोक चौकाकडच्या एका चादर कारखान्याचं नाव डॉट इनमध्ये मोकळं होतं, ते मी घेतलं. मालकाच्या मुलाला व्हॉट्सॲप केलं, दोन लाखाला देतो म्हणून. निळी टिक आली, उत्तर नाही. आणि परवा बाहेरच्या देशातल्या एकाची मेल आली. डाळिंबाच्या नावाला सहा हजार डॉलर देतो म्हणतो, पण आधी एका ठरावीक साइटवरून किमतीचं सर्टिफिकेट काढून पाठवा म्हणतो. त्याला ७,५०० रुपये लागतात.*

*आईनं जन्मभर विड्या वळल्या. तिच्या फंडाचे एक लाख पतसंस्थेत आहेत. ते वर्षभर वापरले तर रिन्यूअल होईल आणि चार चांगली नावंही घेता येतील. तिला अजून विचारलेलं नाही. काय करू? नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं का? सगळ्या नावांची यादी जोडली आहे.*

*– एक वाचक, जुळे सोलापूर*

सगळ्यात आधी त्या सहा हजार डॉलरचं, कारण तिथं घाई आहे. एक रुपयाही भरू नका. हा या धंद्यातला जुना फसवणुकीचा प्रकार आहे. गिऱ्हाईक म्हणून मेल करणारा आणि सर्टिफिकेट देणारी साइट, दोन्ही एकाच टोळीचे असतात. तुम्ही ७,५०० भरता, रंगीत सर्टिफिकेट येतं, त्यावर नावाची किंमत आठ-नऊ हजार डॉलर छापलेली असते आणि गिऱ्हाईक गायब होतं. ज्याला खरंच नाव हवंय तो त्याची किंमत स्वतःच्या गरजेवरून ठरवतो, त्याला तुमचं सर्टिफिकेट लागत नाही. खात्री करायची असेल तर एवढंच लिहा: 'सर्टिफिकेटचे पैसे तुम्ही भरा, रकमेतून वजा करा, व्यवहार एस्क्रोतून करू.' एस्क्रो म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणारी तिसरी संस्था. बहुधा परत मेल येणार नाही. पत्र पाठवल्यानंतर पैसे भरून बसला असाल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

आता हिशेब. तुम्ही टॅलीवर बसता, तरी ही बेरीज पत्रात कुठंच नाही, म्हणून मीच केली. ११ डॉट कॉमचे १४,३००. १४ डॉट इनचे ११,९००. १८ ऑनलाइन-स्टोअरचे ५२,२००. झाले ७८,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी १४,११२. एकूण ९२,५१२. गेल्या वर्षी ९,००० मध्ये घेतलेला माल फक्त हातात ठेवायला यंदा दहापट पैसे. म्हणजे आईचा लाख 'आणखी चांगल्या नावांना' पुरणार नाहीच, तो रिन्यूअलमध्येच संपतो. पुढच्या संक्रांतीला हेच बिल परत येईल.

असं का होतं ते नीट कळलं पाहिजे. डोमेन विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण ते मालकीचं होत नाही. गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल घेतो तसं आहे. भाडं भरलंय तोवर जागा तुमची, फार तर एका वेळी दहा वर्षांचं आगाऊ भरता येतं. भाडं घेणारे वेगवेगळे आहेत. डॉट कॉमचा कारभार व्हेरिसाइन नावाची अमेरिकी कंपनी बघते, डॉट इनचा आपली निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज. तुम्ही ज्या साइटवरून नावं घेतलीत ते मधले किरकोळ विक्रेते. डॉट कॉमचा घाऊक दर किती वाढवायचा यावर करारानं मर्यादा घातलेली आहे. ऑनलाइन, स्टोअर, शॉप, एक्सवायझेड अशा नव्या शेपट्यांना अशी मर्यादा नाही. म्हणून त्या पहिल्या वर्षी चहाच्या भावात देतात आणि दुसऱ्या वर्षी वसूल करतात. तुमच्यासारख्या सेलमध्ये अठरा-अठरा नावं उचलणाऱ्यांवरच त्यांचं गणित बसवलेलं असतं.

ती १८ नावं सोडा. सगळी. त्यात 'सोलापूरटॉवेल डॉट स्टोअर' आहे हे मी बघितलं आणि तुमचा जीव त्यात अडकलाय हेही पत्रावरून कळतंय. पण टॉवेलवाल्याला नाव हवं असेल तर तो आधी डॉट कॉम बघेल, मग डॉट इन. दोन्ही गेलेली असतील तर नावात एक शब्द वाढवेल. तुमच्याकडून डॉट स्टोअर पंचवीस हजाराला घ्यायचं त्याला काही कारणच नाही.

वॉइस डॉट कॉमबद्दल. व्यवहार खरा आहे, २०१९ चा. विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही शेअर बाजारात नोंदलेली सॉफ्टवेअर कंपनी. तिच्याकडे ते नाव वर्षानुवर्षं पडून होतं. घेणारी ब्लॉक डॉट वन ही क्रिप्टोतली कंपनी. तिचं 'वॉइस' याच नावाचं नवं ॲप बाजारात यायचं होतं आणि तिच्या तिजोरीत अब्जावधी डॉलर होते. एकाच शब्दाचं, इंग्रजीतलं, डॉट कॉम आणि समोर असं गिऱ्हाईक ज्याला दुसरं नाव चालणारच नव्हतं. व्हिडिओत तीन कोटी डॉलर सांगतात, हे शेवटचं वाक्य सांगत नाहीत. धंद्यातले लोक आपसात बोलताना जो अंदाज धरतात तो वेगळाच आहे: बरी नावं शंभर असतील तर वर्षाला एखाद-दोन विकली जातात. तुमच्या ४३ मधून वर्षाला एक विकलं गेलं असं धरलं, तरी विक्रीच्या साइटचं १५-२० टक्के कमिशन जाऊन नुसतं रिन्यूअल भरून निघायला ते एक नाव १ लाख १५ हजारांच्या आसपास विकलं पाहिजे. तुमच्या यादीत तसलं एकही नाव नाही. वाईट वाटेल, पण मी ती दोनदा वाचली.

आता कारखान्याच्या नावाचं. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

ते नाव 'मोकळं' नव्हतं. डॉट इनमध्ये कुणी नोंदवलेलं नव्हतं, एवढंच. ज्या नावानं एक घर पिढ्यान्‌पिढ्या चादरी विकतंय ते नाव त्यांचं आहे. या बाबतीत आपल्याकडचे कायदे नवे नाहीत. 'याहूइंडिया' नाव घेणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयानं १९९९ मध्येच रोखलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डोमेन नावालाही व्यापारी नावासारखंच संरक्षण आहे. त्याशिवाय डॉट इनसाठी निक्सीची स्वतःची लवादाची पद्धत आहे. तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आमच्या नावाशी जुळतं, समोरच्याचा त्यावर कसलाही हक्क नाही आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं किंवा वापरलं. तिसरी गोष्ट सिद्ध करणं सहसा अवघड असतं. तुम्ही ती व्हॉट्सॲपवर लिहूनच दिलीत. ज्याचं नाव त्यालाच खर्चापेक्षा जास्त किमतीला विकायला जाणं हा वाईट हेतूचा पुरावा मानला जातो, नियमातच तसं लिहिलंय. त्या निळ्या टिकेनंतर गप्प बसलेला मुलगा वकिलाकडे गेला नसेल असं धरून चालू नका.

त्यामुळं नाव नुसतं सोडूनही देऊ नका, दुसरा कुणी उचलेल आणि संशय तुमच्यावरच येईल. ते त्यांच्या हातात द्या. आधीचा मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट तिकडे निघालेला असेलच, पुसलेला मेसेज आणखी वाईट दिसतो. त्याखालीच असं लिहा: 'दादा, तुमच्या फर्मचं नाव मी नोंदवलं आणि पैसे मागितले, हे चुकलं. नाव तुमच्या खात्यात फुकट वळतं करून देतो, कधी येऊ सांगा.' नोंदणीचे दीडशे-दोनशेसुद्धा मागू नका. नोटीस आधीच आली असेल तर मात्र परस्पर काही लिहू नका, वकिलाला दाखवून मगच उत्तर द्या. यादीत एका मोबाईल कंपनीच्या नावापुढं 'सोलापूर' लावलेलं एक डॉट कॉमही आहे, तेही सोडा. ते कुणाला विकायचा प्रयत्न करू नका, त्यावर जाहिरातीही लावू नका.

उरली २३ नावं. ती मी एकाच कसोटीवर घासली. हे नाव घेऊ शकतील अशा दहा जणांची यादी, त्यांच्या फोन नंबरसकट, आजच्या आज कागदावर उतरवता येते का? येत असेल तर नाव ठेवा. 'कुणीतरी घेईल' याला गिऱ्हाईक म्हणत नाहीत.

युनिफॉर्मचं डॉट कॉम या कसोटीला उतरतं. शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने सोलापुरात ढिगानं आहेत, त्यांचा माल परराज्यात जातो, बाहेरचा व्यापारी इंग्रजीत शोधतो, आणि तुमच्या नावात दोनच सरळ इंग्रजी शब्द आहेत. ते ठेवा. डाळिंबाचं, तेच ज्यावर त्या भामट्यानं मेल केली, तेही ठेवा. तेही इंग्रजीत आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातले निर्यात करणारे आणि शेतकरी कंपन्या ही त्याची खरी गिऱ्हाइकं. सात अक्षरांचं जे बनवलेलं नाव आहे, अर्थ नसलेलं पण सहज म्हणता येणारं, ते एक वर्ष ठेवून बघायला हरकत नाही. त्याला सोलापूरचीच गरज नाही, कुणीही नवा धंदेवाला घेऊ शकतो. दहाची यादी मात्र त्याची होत नाही, म्हणून एकच वर्ष.

शेंगाचटणीनं मला सगळ्यात जास्त वेळ लावला. नाव झकास आहे. गिऱ्हाईकही आहे, घरगुती करणाऱ्या बायकांपासून पॅकिंग करून पुण्या-मुंबईला पाठवणाऱ्यांपर्यंत. अडचण आहे ती रोमन लिपीतल्या अक्षरांची. फोनवर नाव सांगितलं तर समोरचा काय टाइप करेल? चटणी लिहिताना कुणी इंग्रजी पद्धतीनं 'यू' घालून लिहितं, कुणी 'ए' घालून मराठीसारखं. शेंगाच्या शेवटी कुणी एक 'ए' लावतं, कुणी दोन. चादरचंही तेच, तुमच्याकडं चादरची तीन नावं आहेत आणि तिन्हींत 'डी' वेगवेगळा आलाय, एकात एकेरी, एकात दुहेरी, तिसऱ्यात 'डी'पुढं 'एच' जोडून. तुम्ही तो दूरदृष्टीचा भाग म्हणून घेतलात. मला ते दुखणं वाटतं, कारण ज्या शब्दाची तीन स्पेलिंगं प्रचलित आहेत त्याचं एक नाव घेणाऱ्याला उरलेली दोन दुसऱ्याच्या हातात गेल्याची धास्ती राहते, म्हणून तो किंमत पाडतो. शेंगाचटणीचं सगळ्यात रुळलेलं स्पेलिंग असलेलं डॉट इन एक ठेवा. चादरमधलं दुहेरी 'डी'वालं डॉट इन ठेवा. बाकीची जाऊ द्यात. ज्वारीच्या पाचही नावांना हाच न्याय, त्यातलं एकही ठेवण्यासारखं नाही.

चादरीच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडे विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून खपवणं हा आपल्या गावाचा जुना राग आहे, पानिपतचं नाव काढलं की विणकरांच्या पूर्व भागात अजून आवाज चढतो. तुमचं नाव असल्याच कुणी घेतलं आणि त्यावर बाहेरचा माल विकला, तर घेणारा अडचणीत येईल आणि ते नाव विकलं कुणी हाही प्रश्न निघेल. ते खरोखर इथं विणणाऱ्याला किंवा इथल्याच मालाच्या व्यापाऱ्यालाच द्या, भाव कमी आला तरी.

म्हणजे ४३ मधून पाच उरली: तीन डॉट कॉम, दोन डॉट इन. रिन्यूअल ३,९०० आणि १,७००, जीएसटीसह ६,६०८. हे तुमच्या पगारातून निघतात.

देवनागरीतलं डॉट भारत घेऊ का, असं यादीच्या खाली पेन्सिलनं लिहिलंय. २०१४ पासून मिळतं, दिसतं छान, पण लोक ते टाइप करत नाहीत आणि त्यावरचा ईमेल सगळीकडे धड चालत नाही. विकण्यासाठी नको.

विकायचं कसं? साइटवर किंमत लावून ठेवा, ते बरंच आहे, पण असल्या गावच्या नावांना गिऱ्हाईक साइटवर येत नाही, तुम्हाला जावं लागतं. भाव १५ ते ३० हजारांच्या पट्ट्यात ठेवा. पहिल्या फोनवर किंमत सांगू नका. आधी विचारा, वेबसाइट आहे का, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते की मेलवर. ज्याचा मेल पत्ता अजून फुकटच्या जीमेलवर आहे आणि ज्याला बाहेरच्या राज्यातल्या शाळांना कोटेशन पाठवायचंय, त्याला स्वतःच्या नावाचा मेल काय देतो हे दोन मिनिटांत पटतं. फक्त एक पाळा. दुकानाच्या टॅलीत पार्ट्यांची नावं, नंबर, उलाढाल सगळं तुमच्यासमोर असतं. ती यादी मालकाची आहे. तिच्यातून एकही फोन लावायचा नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत रविवारी चक्कर मारून पाट्यांवरचे नंबर उतरवा, गणवेशांचं प्रदर्शन भरतं तेव्हा तिथं जा.

व्यवहार ठरला तर समोरासमोर बसून करा. तुम्ही जिथून नाव घेतलंत त्याच कंपनीत घेणाऱ्याला स्वतःचं खातं उघडायला लावा, त्याच्याच मोबाईलवर, त्याच्याच मेलवर. साध्या कागदावर नाव, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. पैसे तुमच्या खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या ॲपमध्ये बघा, समोरच्यानं दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर नको. मग नाव त्याच्या खात्यात ढकला, आणि नाव दिसतंय हे त्याला बघू द्या, मगच उठा. दुसऱ्या कंपनीत न्यायचं असेल तर आधी लॉक काढून गुप्त कोड द्यावा लागतो आणि नवीन नोंदणीला किंवा नुकत्याच हलवलेल्या नावाला सहसा ६० दिवस थांबावं लागतं, हे आधीच सांगा, नाहीतर त्याला वाटेल फसवलं. परगावचा किंवा परदेशी माणूस असेल तर एस्क्रो, पण त्याची लिंक त्यानं पाठवलेली वापरायची नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. आलेले पैसे रिटर्नमध्ये दाखवा. तुमच्या दुकानाचे सीए हे पाच मिनिटांत सांगतील.

आईच्या पैशांना हात लावू नका. ते कशातून जमले हे तुम्हीच लिहिलंय. शिवाय आता गरजही ६,६०८ चीच आहे. नोकरीही सोडू नका. पाच नावांचा धंदा पूर्णवेळ करता येत नाही, रविवारी होतो. वर्षभरात पाचांपैकी एकही गेलं नाही तर पुढच्या वेळी तीनच ठेवा.

आणि आज रात्री जेवायच्या आधी खात्यात जाऊन ३७ नावांचं ऑटो-रिन्यू एकेक करून बंद करा. कारखान्याच्या नावाला तेवढं हात लावू नका, त्याची मुदत संपायच्या आत ते वळतं झालं पाहिजे. सेलमध्ये घेताना ऑटो-रिन्यू आपोआप चालू झालेलं असतं आणि मुदतीच्या आधीच पैसे कापायचा प्रयत्न होतो. त्या साइटवर जतन केलेलं कार्डही काढून टाका, पाच नावांचे पैसे त्या-त्या वेळी हातानं भरता येतात. डॉट कॉमची मुदत टळली तरी साधारणपणे काही आठवडे नेहमीच्या भावात रिन्यू करता येतं, त्यानंतरचे ३० दिवस मोठा दंड भरून, मग पाच दिवसांनी नाव कायमचं सुटतं. सोडलेल्या नावांपैकी एखाद्याला या काळात गिऱ्हाईक आलं तर घाबरून लगेच रिन्यू करू नका. आधी त्याच्याकडून आगाऊ पैसे घ्या.